कोरा ट्रे

या प्रकरणात चाळणीबाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. काचघरातली दक्षिणेच्या खिडकीजवळची जागा परत मिळाली असती. नवऱ्याचे शनिवार परत मिळाले असते. आणि ‘मी म्हणत नव्हते?’ हे वाक्य भरल्या घरात उच्चारायची संधी मिळाली असती; ती किती गोड असते हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. खरं तर पहिल्या दोन गोष्टी हुकल्या असत्या तरी बाईंनी तिसरीवर भागवून घेतलं असतं.

चाळणीबाई हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. संशोधन केंद्रात त्यांचं काम चिखल चाळण्याचं, म्हणून ते पडलं. गाड्यांची चाकं, मेंढ्यांचे खूर, फिरायला जाणाऱ्यांचे बूट, जिथे म्हणून चिखल अडकतो तिथून तो खरवडून आणायचा, चाळायचा, ट्रेमध्ये मातीवर पातळ पसरायचा, पाणी घालायचं आणि वाट बघायची. काय उगवतं त्यावरून कळतं की कुठलं तण कुणाच्या पायावर बसून कुठवर पोचलं. वाऱ्याने जितकं बी जात नाही तितकं माणसाच्या टाचेने जातं, हे सिद्ध करण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. “माणूस कुठे जाऊन आला ते त्याच्या तोंडाला विचारू नये, टाचेला विचारावं,” असं त्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत. मुलं हसत. बाईंचे यजमान हसत नसत.

आणि दुसरी गोष्ट त्या सांगत, ती कोऱ्या ट्रेची. चिखलाच्या ट्रेशेजारी आणखी एक ट्रे ठेवायचा; त्यात भट्टीत भाजून निर्जीव केलेली माती, आणि त्यावर काहीही टाकायचं नाही. नुसतं पाणी. त्या कोऱ्या ट्रेमध्ये काही उगवलं, तर ते आपल्याच केसांतून, बाह्यांतून, दारातून आलेलं. म्हणजे चिखलाच्या ट्रेमधलंही तिथूनच आलेलं असू शकतं. मग सगळं बाद. एका हुशार मुलाचं वर्षभराचं काम बाईंनी याच मुद्द्यावर बाद केलं होतं. तो काकुळतीला आला तेव्हा म्हणाल्या होत्या, “रडून कोरा ट्रे येतो का? मग रडू नकोस.”

यजमानांना सगळे बेडूकराव म्हणत. बेडकांच्या कातडीला बुरशीचा एक रोग होतो, तो एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कसा जातो, यावर त्यांचं काम. माणूस शांत. इतका की बोलणी खाताना मध्येच पेला भरून पाणी पीत असे. दर शनिवारी तळ्यांची फेरी, संध्याकाळी परत. पूर्वी ते दमून, कोमेजून घरी येत. गेल्या वर्षापासून मात्र शनिवारी संध्याकाळी ते चक्क ताजेतवाने येऊ लागले होते. गालावर लाली. ओठांवर शीळ. एकदा तर दारातून आत येता येता आईला म्हणाले, “वा, काय सुरेख वास सुटलाय!” घरात तेव्हा फिनाईलने लादी पुसून झाली होती.

गेल्याच वर्षी नवी आली होती.

नवी म्हणजे दगडाच्या बंद पडलेल्या खाणीवर काम करायला आलेली संशोधक. त्या खाणीत एक परकं पिवळं फूल माजलं होतं. दगड फोडायच्या यंत्रांबरोबर कधीतरी बाहेरून आलं असावं. खाणीबाहेर पडलं तर आसपासची कुरणं गिळेल, अशी भीती. म्हणून खाण बुलडोझरने खरवडून, वर औषध मारून टाकायचा वरून विचार चालला होता. नवीचं म्हणणं वेगळं. ती म्हणे, या फुलाचं बी गुळगुळीत, ते फक्त मुंग्या उचलतात, आणि मुंग्या जातात किती लांब? बुटाला ते चिकटत नाही, पँटला नाही, चाकाला नाही. तिने सगळं घासून पाहिलं होतं. तेव्हा खाण खरवडू नका, फूल जागच्या जागी राहील, मला आणखी एक हंगाम द्या. त्या हंगामावर तिची नोकरी टांगलेली होती.

मुंग्यांच्या काचेच्या पेट्या ठेवायला तिला ऊन लागत होतं, म्हणून केंद्राच्या साहेबांनी दक्षिणेची खिडकी तिला दिली. बाईंना विचारलं नाही. “मुंग्यांना ऊन, आणि मला मुंग्या,” बाई म्हणाल्या. त्यांचे ट्रे दाराच्या बाजूला सरकले. बाईंनी एकच अट घातली, की ते पिवळं फूल, त्याचं बी, त्याचं वाळकं पानसुद्धा काचघरात येता कामा नये. नवीने मान हलवली आणि अट इमानाने पाळली. त्याचाही बाईंना राग आला. मोडली असती तर बरं झालं असतं.

काचघराच्या दारात एक पांढरी चादर अंथरलेली असे, शेजारी ब्रश. बाहेरून आलेल्या प्रत्येकाने त्या चादरीवर उभं राहून कपडे झटकायचे, पडेल ते चिमट्याने उचलून भट्टीत टाकायचं. हा नियमही बाईंचाच. नवी रोज त्या चादरीवर उभी राहून स्वतःला घोड्यासारखा खरारा करी, आणि करता करता गप्पा मारी. एकदा बेडूकराव तिथे आले.

“सर, तुमच्या बेडकांना सर्दी होते का हो?”

“होते की. म्हणून तर सगळे गात बसतात.”

नवी खळखळून हसली. बाई आत चाळत होत्या, चाळणी थांबली. हा विनोद बेडूकरावांनी लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांना सांगितला होता. तेव्हा त्याही हसल्या होत्या. तो विनोद घरातला होता, असं त्या समजत होत्या.

घरी गेल्यावर त्यांनी विषय काढला. “ती सगळ्यांना दादा म्हणते. भट्टीवाल्याला दादा, ड्रायव्हरला दादा. तुलाच तेवढं सर?”

“वयाने असेल.”

“साहेब तुझ्याहून मोठे आहेत. त्यांनाही दादाच म्हणते.”

बेडूकराव पाणी प्यायले.

सासूबाई पलीकडे विणत बसल्या होत्या. त्यांच्या सुया कधी थांबत नसत आणि कानही. “अगं, दादा म्हणाली असती तर म्हणाली असतीस, इतक्या लवकर घरोबा कशाला,” त्या म्हणाल्या. “तुझ्या तागडीला दोन्हीकडून खालीच जायचं असतं.”

सासूबाईंनी मुलासाठी एक जाडाभरडा करडा स्वेटर विणला होता. बेडूकरावांनी तो दोनदा घातला, मग तो बाईंच्या अंगावर आला आणि तिथेच राहिला. सासूबाई त्या स्वेटरकडे बघून कधी काही बोलल्या नाहीत, पण प्रत्येक वेळी बघत मात्र.

आता नवऱ्यावर संशय घ्यायचा तर बाकीच्या बायका काय करतात? फोन बघतात, खिसे चाचपतात, मैत्रिणीला कामाला लावतात. बाईंना असलं अशास्त्रीय वागणं जमण्यासारखं नव्हतं. आधी त्या खाण बघून आल्या. सुट्टी घेऊन, एका शनिवारी, शहरात काकूकडे जाते असं सांगून. करडा स्वेटर घालून खाणीच्या काठावरच्या झुडपात त्या दुपारभर कोपरं जमिनीला टेकून बसून राहिल्या. काठापासून खालपर्यंत पिवळं पसरलेलं, आणि खाली त्यात नवी गुडघ्यांवर रांगत एका मुंगीच्या मागे चाललेली. मुंगी थांबली की नवी थांबे. बेडूकराव आलेच नाहीत. दुसरी एखादी या पुराव्यावर शांत झाली असती. बाईंनी ठरवलं, आज नेमके आले नाहीत, म्हणजे एरवी येतात.

परत येताना त्या काचघरात शिरल्या. ट्रेना पाणी द्यायचं राहिलं होतं. दारातल्या चादरीसमोर त्या क्षणभर घुटमळल्या. भट्टीवाला तिथेच उभा होता. चादरीवर उभं राहून झटकावं, तर तो विचारणार, बाई, आज कुठे जाऊन आलात? शहरात काकूकडे गेले होते असं सांगितलेल्या बाईच्या अंगावरून खाणीची धूळ पडली असती. बाईंनी चादरीला वळसा घातला, आत गेल्या, आत उकडत होतं म्हणून दारामागच्या आपल्या खुंटीला स्वेटर अडकवला आणि पाणी द्यायला लागल्या. एवढंच घडलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पुढच्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी बेडूकरावांचे गमबूट घेतले. बेडूकराव बुटांच्या बाबतीत काटेकोर; प्रत्येक तळ्यावरून निघताना औषधाच्या बादलीत बुडवून घासायचे, नाहीतर रोग यांच्याच पायांनी दुसऱ्या तळ्यात जायचा. त्यामुळे बूट लख्ख. पण तळव्याच्या खाचेत, टाचेच्या आतल्या बाजूला, काळा चिखल होता. म्हणजे शेवटच्या तळ्यावर बूट धुतल्यानंतर हा माणूस आणखी कुठेतरी उतरला होता! बाईंनी केसांतला आकडा काढला आणि तो चिखल कपबशीतल्या बशीत उतरवला. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत छोटा नमुना, आणि सर्वांत जपून नेलेला.

काचघरात त्यांनी तो एका ट्रेमध्ये पसरला. ट्रे दारामागे, खुंट्यांच्या खाली ठेवला; तिथे कुणी वाकून बघत नसे. शेजारी कोरा ट्रे ठेवला नाही. दोन ट्रे दिसले असते तर कुणीतरी विचारलं असतं, हा कशाचा प्रयोग. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आलंच नाही. प्रयोग करणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असलं की कोरा ट्रे आठवत नाही.

मग वाट बघणं. मत्सर म्हणे माणसाला उतावळा करतो. बाईंच्या मत्सराने तुषार मारायच्या बाटलीने रोज सकाळी पाणी घातलं, दुपारी कापड टाकून सावली केली, गोगलगाई वेचल्या. ट्रे पोटच्या पोरासारखा वाढवला. आधी गवताची दोन पाती आली. मग एक क्षुल्लक तण. आणि मग एके दिवशी दोन गोल, मध्ये किंचित खाच असलेली पानं. तिसऱ्या पानापर्यंत थांबायचं ठरवून त्या थांबल्या. तिसरं पान आलं ते चंदेरी लव घेऊन. तशी लव फक्त खाणीतल्या पिवळ्या फुलाला असते. नवीच्या अहवालात मोठा फोटो होता.

इतका आनंद आणि इतकं दुःख एकाच रोपट्याने कुणाला दिलं नसेल. पुरावा मिळाला होता! आणि नवरा गेला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी बेडूकरावांना समोर बसवलं. सासूबाईंना आत जा म्हणाल्या, सासूबाई सुया घेऊन दारापर्यंत गेल्या आणि तिथेच बसल्या.

“शनिवारी शेवटचं तळं झालं की कुठे जातोस?”

बेडूकरावांनी पाण्याकडे हात नेला.

“पाणी नंतर.”

“कुठे नाही. गाडीत असतो.”

“कुणाबरोबर?”

“कुणाबरोबर म्हणजे? एकटा. झोपतो.”

“झोपतोस?”

“नदीकाठी एक झाड आहे. तिथे गाडी लावतो, पाय मोकळे करतो, सीट मागे करतो, झोपतो. तासदीड तास. मग घरी येतो.”

“घरी पलंग नाही?”

बेडूकरावांनी पेला दूर सरकवला. मग म्हणाले, “घरी पलंग आहे. शांतता नाही. तू आणि आई, दोघींचंही नेहमी बरोबरच असतं. मी कुणाची बाजू घ्यायची हे ठरवता ठरवता थकतो.”

दारातल्या सुया थांबल्या.

“छान!” बाई म्हणाल्या. “नदीकाठच्या झोपेला खाणीतलं रोप उगवतं का? तुझ्या टाचेतून उगवलंय. तीन पानं आलीत.”

बेडूकरावांना आधी काही कळलं नाही. कळल्यावर ते जे बोलले ते त्यांच्या मानाने फार होतं. “तू माझ्या बुटातला चिखल पेरलास?”

“हो.”

“पेरलं ते उगवतं म्हणतात. इथे मी न पेरलेलं उगवलंय.” ते उठले आणि बाहेरच्या खोलीत अंथरूण घेऊन गेले. त्या रात्री तिथून घोरण्याचा आवाज आला नाही, हे बाईंनी जागून ऐकलं.

केंद्राची बैठक दोन दिवसांवर होती. खाण खरवडायची की ठेवायची, ते तिथे ठरणार होतं. बाईंपुढे आता पेच होता. रोप दाखवावं तर चिखल कुठला ते सांगावं लागणार, म्हणजे घरचं धुणं चव्हाट्यावर. न दाखवावं तर नवी आणखी एक हंगाम इथेच. बाईंनी दोन्ही बाजू तोलल्या. अब्रू एका पारड्यात, नवी दुसऱ्यात. अब्रू हलकी भरली.

बैठकीत नवी बोलली. चांगलं बोलली, मुंग्यांचे मार्ग, बियांचा गुळगुळीतपणा, रबर आणि कापडावरचे तिचे प्रयोग. “हे फूल चालत नाही,” ती म्हणाली. “त्याला बसवून ठेवा, ते बसून राहील.” साहेब मान डोलावत होते. खिडकीपाशी बेडूकराव बोटांची नखं बघत होते.

बाई उठल्या. पदार्थ वाढावा तसा त्यांनी ट्रे टेबलाच्या मध्यावर ठेवला. “मग हे चालत आलं नसेल, उडत आलं असेल,” त्या म्हणाल्या. “बुटाच्या चिखलातून उगवलंय.”

नवी वाकली. तिने तिसरं पान बोटाने हळूच उलटलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते बघायला बाईंनी इतके दिवस पाणी घातलं होतं.

“कुणाचे बूट?” साहेबांनी विचारलं.

“यांचे.” बाईंनी हाताने दाखवलं नाही, नुसती हनुवटी उचलली. खोलीतल्या प्रत्येकाने आधी बेडूकरावांकडे, मग नवीकडे आणि मग टेबलाकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं.

“मी त्या खाणीत आयुष्यात पाय ठेवलेला नाही,” बेडूकराव म्हणाले.

नवीला त्यातलं घरगुती गणित उमगलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त रोप होतं. “मॅडम,” तिने विचारलं, अगदी सरळ, शिकाऊ मुलीने विचारावं तसं, “याचा कोरा ट्रे बघू का?”

बाईंनी तोंड उघडलं.

काही क्षण असे असतात की माणसाला स्वतःचाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतो. ज्या मुलाचं वर्ष त्यांनी बाद केलं होतं तो आता इथेच नोकरीला होता आणि समोरच्या रांगेत बसला होता. तो हसला नाही. ते जास्त वाईट होतं.

“नाहीये,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. “मग पुन्हा करा. तीच जागा, तीच माती. बुटांचा ताजा चिखल आणि शेजारी कोरा ट्रे. तोवर खाणीचा निर्णय थांबला.” आणि उठता उठता म्हणाले, “बाई, हे तुम्हालाच सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.”

दोन ट्रे दारामागे ठेवले गेले. एकात बेडूकरावांच्या टाचेतला चिखल. तो त्यांनी स्वतः आणून दिला, कागदाच्या पुडीत, टेबलावर ठेवून निघून गेले. ते अजून बाहेरच्या खोलीत झोपत होते. दुसरा कोरा. नवी रोज यायची, लांबूनच बघायची, हात लावायची नाही. “मॅडम, आज काही?” “नाही.” एवढंच बोलणं. तिचे डोळे सुजलेले असत. बाईंना ते पाहून बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटायचं. पण आधी बरं वाटायचं.

एके दिवशी सकाळी बाई सर्वांच्या आधी आल्या. चिखलाच्या ट्रेमध्ये नदीकाठचं लव्हाळं उगवलं होतं, भरपूर, हिरवंगार; जिथे माणसं गाडी लावून झोपतात तिथे उगवतं तसलं. बाकी काही नाही. आणि कोऱ्या ट्रेमध्ये, भाजलेल्या मातीवर, मधोमध, एकच रोप. दोन गोल पानं, मध्ये खाच. तिसरं नुकतंच फुटत होतं, आणि त्यावर चंदेरी लव दिसत होती. बाई आठवडाभर रजेवर होत्या; भट्टीवाला वरच्यावर पाणी घालून जायचा. तेवढ्यातच उगवलं असावं.

बाईंनी मान वर केली. ट्रेच्या बरोबर वर, खुंटीला, करडा स्वेटर लटकत होता.

त्यांनी तो खाली काढला, उलटा केला. कोपराजवळ, हाताने विणलेल्या जाड टाक्यांच्या आत, पाच-सहा गुळगुळीत बारीक बिया बसल्या होत्या. जणू घरटं केलं होतं. नवीने रबर घासून पाहिलं होतं, कापड घासून पाहिलं होतं. सासूच्या हातची लोकर घासून बघायचं तिला कसं सुचणार? झुडपात बसलेली ती दुपार बाईंना आठवली. चादरीला घातलेला वळसा आठवला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला निघालेली बाई स्वतःच्या बाहीतून ते घेऊन फिरत होती.

काचघरात कुणी नव्हतं. एक रोप, दोन बोटांत मावेल एवढं. उपटलं असतं तर कोरा ट्रे कोरा राहिला असता. ते जमलं नाही तर नवीवर ढकलता आलं असतं: हीच रोज खाणीतून येते, हिच्याच अंगावरून पडलं. लोकांनी विश्वास ठेवला असता. खाण खरवडली गेली असती, मुंग्यांच्या पेट्या उचलल्या गेल्या असत्या, दक्षिणेचं ऊन परत मिळालं असतं. बाईंनी रोपाच्या मानेवर बोटं ठेवली. देठ थंड होता, ओलसर.

नवऱ्यावर त्यांना अविश्वास ठेवता आला होता. नवीवर, सासूवर, साहेबांवर तर कायमच. पण कोऱ्या ट्रेवर? तो खोटा पाडला की मागची सगळी वर्षं, सगळा चाळलेला चिखल, त्या मुलाला ऐकवलेलं ते वाक्य, सगळंच खोटं. त्यांनी बोटं काढून घेतली आणि ती स्वेटरला पुसली. मग स्टुलावर बसून राहिल्या. नवी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “ये. बघ. आणि साहेबांना बोलाव. हा स्वेटर माझा आहे आणि तो घालून मी तुझ्या खाणीवर आले होते.”

“कशाला, मॅडम?”

“तुला बघायला.”

नवीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिला घरगुती गणित उमगलं. तिचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, “पण मी तर दिवसभर मुंग्यांमागेच असते हो.”

“तेही बघितलं.”

पुढचं सगळं नियमाने झालं, बाईंच्याच नियमाने. काचघरात परकं बी सापडलं, तेव्हा दारामागचेच नव्हे तर आतले सगळे ट्रे भट्टीत गेले. मेंढ्यांच्या खुरांचे, ट्रकच्या चाकांचे, चार ऋतू वाढवलेलं सगळं. बाईंनी स्वतः वाहून नेले; भट्टीवाला मदतीला आला तर त्याला नको म्हणाल्या. शेवटी स्वेटर. सासूबाईंना सांगावं लागलं.

“जाळला?” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या मुलासाठी विणलेला, तुझ्या अंगावर गेलेला, आणि तिसरीच्या खाणीत फिरून आलेला. जाऊ दे. बिचाऱ्याला एवढ्या बायका झेपल्या नसत्या.”

खाण वाचली. त्या फुलाचं बी रबर-कापडावर बसत नाही, फक्त जाड हातविणीच्या लोकरीत अडकतं, हे कळल्यावर साहेबांनी खाणीभोवती कुंपण घातलं आणि लोकर घालून आत जायला बंदी केली. नवीला एक हंगाम हवा होता, तिला तीन मिळाले. लोकरीचा एक अख्खा नवा विषय तिच्या हाती आला होता. त्यासाठी तिला वेगवेगळ्या विणीचे चौकोनी तुकडे हवे होते. ते कोण विणणार? ती घरीच आली विचारायला. सासूबाईंना ‘आजी’ म्हणाली आणि पहिल्या बैठकीत उलटा टाका शिकूनही गेली. आता सासूबाई तिच्यासाठी विणतात आणि विणताना गुणगुणतात.

शिवाय माणसाबरोबर बी कसं जातं हे नीट मोजायचं तर दर आठवड्याला ठरलेल्या फेरीवर जाणारा, बूट काटेकोर धुणारा एक माणूस हवा. असा माणूस साहेबांना एकच माहीत होता. त्यामुळे बेडूकराव आता शनिवारी तळी संपवून खाणीच्या कुंपणापाशी जातात, नवी तिथे त्यांचे बूट तपासते, आणि दोघं चिखलाच्या पुड्या बांधतात. ते आतल्या खोलीत झोपायला परत आले आहेत. नदीकाठची झोप मात्र गेली. शनिवारी ते पुन्हा दमून येतात, पण शीळ अजून वाजते. नवी त्यांना आता दादा म्हणते. बाईंना वाटतं, मुद्दाम म्हणते.

त्या पुड्या सोमवारी काचघरात येतात. चाळायचं काम बाईंचंच. आकड्याने नाही, ब्रशने, नवऱ्याच्या टाचेतली माती त्या ट्रेमध्ये पसरतात, आणि शेजारी कोरा ट्रे ठेवतात, सर्वांना दिसेल असा.

तेव्हा हिशेब असा. फुलाला एक स्वेटरभर जग बघायला मिळालं. नवीला खिडकी मिळाली, विषय मिळाला, वर एक आजी. सासूबाईंना विणायला कारण मिळालं. बेडूकरावांनी आपली झोप दिली. बाकीचं सगळं बाईंनी भरलं: चार ऋतूंचे ट्रे, घरातला एक विनोद, आणि पूर्वी ज्या शनिवारांवर त्यांना नुसता संशय होता ते शनिवार, जे आता त्यांच्याच प्रयोगाने, साहेबांच्या सहीने, कायमचे तिकडे लागले. सोमवारी सकाळी त्या वाकून बघतात. चिखलाच्या ट्रेमध्ये पिवळ्या फुलाचं रोप नसतं, आणि कोरा ट्रे कोराच असतो. नवऱ्याने काही केलेलं नाही याची ती दर आठवड्याची पक्की, शास्त्रीय पावती असते, आणि ती बघून बाईंचा जीव दर आठवड्याला थोडा थोडा जळतो.